आईची शुगरची गोळी, विंचवाचं विष आणि पेशीतली तीन प्रोटीन्स

आईला डायबेटीस आहे, रोज सकाळी नाश्त्याच्या आधी ग्लिमेपिराइडची गोळी असते. मध्ये एकदा तिने विचारलं, "अगं, ही गोळी म्हणजे काही इन्सुलिन नाही ना, मग हिने साखर उतरते कशी?" मी बायोकेमिस्ट्री शिकलेय आणि अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते, त्यामुळे लगेच सांगितलं, की आई, इन्सुलिन तुझ्या पोटात तयार आहे, ही गोळी ते फक्त बाहेर सोडायला लावते. तिला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं. कारण "बाहेर सोडायला लावते" एवढं म्हणून झालं, पण त्यामागे सत्तर वर्षांचं इतकं सुंदर काम आहे, आणि मुलांच्या पुस्तकात ते दोन ओळींत उरकलेलं असतं: कॅल्शियम आत येतं, व्हेसिकल मेम्ब्रेनला चिकटते, आतला माल बाहेर पडतो. झालं. पण कोण चिकटवतं? आणि मला जो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो म्हणजे, कॅल्शियम यायच्या आधी का नाही चिकटत?

कारण पेशीच्या आत हार्मोन किंवा न्यूरोट्रान्समीटर (नर्व्हचा निरोप पुढे नेणारं रसायन) भरलेल्या या व्हेसिकल्स, म्हणजे मेम्ब्रेनच्याच सूक्ष्म पिशव्या, चोवीस तास तयार असतात, काही तर अगदी पेशीच्या कडेला टेकून बसलेल्या असतात, आणि तरी हुकूम येईपर्यंत सुटत नाहीत, आणि हुकूम आला की एक मिलिसेकंदाच्या आत सुटतात. म्हणजे सगळं काम आधीच करून ठेवलेलं असतं, फक्त शेवटची पायरी अडवून धरलेली असते. मला हे जेव्हा नीट कळलं तेव्हापासून मी मुलांना हेच सांगते, की रिलीज कसा होतो हे शिकताना रिलीज थांबवून कोण ठेवतं हे आधी बघा.

सुरुवात मात्र बेडकापासून करायला हवी. बर्नार्ड कात्झ हे लाइपझिगचे, ज्यू होते, १९३५ मध्ये जर्मनी सोडून लंडनला आले. १९५० च्या आसपास ते आणि पॉल फॅट बेडकाच्या नर्व्ह आणि स्नायूच्या जोडावर इलेक्ट्रोड लावून बसले होते, आणि नर्व्हला काहीही स्टिम्युलस दिलेला नसताना स्नायूत अधूनमधून बारीक उसळ्या दिसायच्या, साधारण अर्ध्या मिलिव्होल्टच्या. मशीनचा नॉइज म्हणून सोडून देता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. पुढे देल कास्तियो आणि कात्झ यांनी बाहेरचं कॅल्शियम कमी करून आणि मॅग्नेशियम वाढवून बघितलं, तेव्हा स्टिम्युलस दिल्यावर येणारा रिस्पॉन्स त्या बारीक उसळीच्या एकपट, दोनपट, तीनपट असाच यायला लागला, मधलं काही नाही. म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन (नर्व्हचा हुकूम स्नायूला पोचवणारा न्यूरोट्रान्समीटर) धारेसारखं वाहत नाही, ठरावीक पॅकेटमध्ये सुटतं. एका पॅकेटमध्ये हजारो मॉलिक्यूल. १९५० च्याच दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नर्व्हच्या टोकाशी गोल गोल व्हेसिकल दिसल्या, साधारण ४० नॅनोमीटरच्या, आणि ते पॅकेट म्हणजे हेच हे जुळून आलं. कात्झना १९७० मध्ये नोबेल मिळालं.

आता पॅकेट आहे हे कळलं, कॅल्शियम लागतं हेही कळलं. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी दाखवलं, की कॅल्शियम आणि रिलीज यांचं नातं सरळ नाही, चौथ्या घाताच्या जवळपास आहे. म्हणजे कमी कॅल्शियमच्या रेंजमध्ये कॅल्शियम दुप्पट केलं तर रिलीज साधारण सोळा पट होतो. हा आकडा वर्गात फळ्यावर लिहिला की मुलं जरा सरळ होऊन बसतात. आरामात असलेल्या पेशीच्या आत कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पट कमी असतं, पेशी ते सतत बाहेर फेकत असते, आणि त्यात हा चौथा घात, त्यामुळे मेम्ब्रेनमधलं कॅल्शियमचं चॅनल, म्हणजे दार, उघडलं की अगदी क्षणात "काहीच नाही" पासून "सगळं" इथपर्यंत उडी मारता येते. पण कॅल्शियम नेमकं कशाला जाऊन धरतं हे पुढची वीस-पंचवीस वर्षं कोणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं ते मेंदूवर काम करणाऱ्यांमुळे कमी आणि यीस्टवर काम करणाऱ्यांमुळे जास्त. हो, तेच यीस्ट, पावाचं. बर्कलेला रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी असे यीस्ट शोधले जे नेहमीच्या तापमानाला नीट वाढतात पण ३७ अंशाला ठेवले की त्यांचं बाहेर सोडायचं काम बंद पडतं, आतमध्ये प्रोटीन बनत राहतं पण बाहेर काही जात नाही, आणि मायक्रोस्कोपखाली पेशी व्हेसिकल्सनी खच्चून भरलेली दिसते. बाहेर जात नाही म्हणून पेशी जड होते, आणि जड पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळ्या काढता येतात. किती साधी आणि किती हुशार युक्ती! पहिला म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बिघाड असलेला यीस्ट, १९७९ चा, त्याचं नाव सेक-१ (हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे), आणि १९८० पर्यंत अशी २३ जीन्स झाली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी जी आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. यीस्टच्या तीन वर्षं आधी, १९७६ मध्ये, ओबेद सिद्दीकी आणि सेमूर बेंझर यांचा एक पेपर आला होता फळमाश्यांवर. सिद्दीकी म्हणजे ज्यांनी मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उभा केला आणि पुढे बंगळुरूला एनसीबीएस ही बायोलॉजीची संशोधन संस्था उभी केली ते. या पेपरमधल्या माश्या गरम केल्या की लुळ्या पडायच्या, त्यातल्या एका म्युटंटचं नाव कोमाटोज, ३८ अंशाच्या आसपास नेलं की माशी निपचित पडते आणि परत गार केलं तरी लवकर उठत नाही. काय बिघडलंय हे तेव्हा कळायला काही मार्ग नव्हता. तिकडे १९८८ मध्ये जेम्स रॉथमन यांच्या लॅबने पेशीच्या रसातून एक प्रोटीन शुद्ध केलं, एनएसएफ, त्याच्याशिवाय व्हेसिकल जोडल्या जात नव्हत्या. मग दिसलं की हे एनएसएफ आणि यीस्टमधलं सेक-१८ एकच. आणि १९९५ मध्ये कळलं की कोमाटोज माशीतलं बिघडलेलं जीनसुद्धा हेच! यीस्ट, हॅमस्टरच्या पेशी आणि माशी, तीन वेगळ्या लॅब, तीन वेगळे प्रश्न, आणि सगळे एका प्रोटीनपाशी येऊन भेटले. मला अजूनही हे वाचताना अंगावर काटा येतो. टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांनी पुढे याच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर बरीच वर्षं काम केलं, कोमाटोज आणि शिबिरे हे दोन म्युटंट एकत्र आणून व्हेसिकल सुटणं आणि परत आत ओढली जाणं यांचा संबंध काय हे बघितलं. कुलाब्यात हे काम झालंय आणि मुंबईच्याच कॉलेजातल्या मुलांना ते माहीत नसतं याचं वाईट वाटतं.

बरं, आता मुख्य मशीन. १९९३ मध्ये रॉथमन यांच्या गटाने गाईच्या मेंदूचा अर्क घेतला आणि त्यात एनएसएफ कोणाला धरतं ते बघितलं. तीन प्रोटीन्स हाती लागली: सिंटॅक्सिन, स्नॅप-२५ आणि सिनॅप्टोब्रेविन. गंमत अशी की तिन्ही आधीपासून ओळखीची होती, नर्व्हच्या टोकाशी असतात एवढं माहीत होतं, काम माहीत नव्हतं. सिनॅप्टोब्रेविन व्हेसिकलवर असतं, बाकीची दोन पेशीच्या मेम्ब्रेनवर. यांना एकत्र स्नेअर म्हणतात. दोन मेम्ब्रेन एकमेकींजवळ आपणहून येत नाहीत, दोन्हींच्या पृष्ठभागावर पाणी घट्ट बसलेलं असतं आणि चार्जही सारखा असतो, त्यामुळे ढकलाढकली होते. स्नेअर काय करतात, तर बॅगेच्या चेनचे दोन बाजूंचे दात जसे एका टोकाकडून गुंतत जातात तसे एकमेकांत पीळ घालत गुंततात, मेम्ब्रेनपासून लांबच्या टोकाकडून सुरू होऊन मेम्ब्रेनच्या दिशेने, आणि चेन ओढत आणली की बॅगेच्या दोन्ही कडा जवळ येतात तशा दोन्ही मेम्ब्रेन खेचल्या जातात. १९९८ मध्ये राइनहार्ड यान आणि अ‍ॅक्सेल ब्रुंगर यांच्या गटांनी याचा क्रिस्टल स्ट्रक्चर काढला, चार लांब हेलिक्सचा पीळ: एक सिंटॅक्सिनची, एक सिनॅप्टोब्रेविनची आणि दोन स्नॅप-२५ च्या. हा पीळ इतका घट्ट की एरवी प्रोटीन ज्या डिटर्जंटमध्ये उलगडतात त्यातही तो सुटत नाही. मग पुन्हा वापरायचा कसा? तिथे एनएसएफ येतं, एटीपी (पेशीचं इंधन) जाळून पीळ उकलतं. कोमाटोज माशीचं एनएसएफ गरम झालं की चालत नाही, वापरलेले स्नेअर गुंतलेलेच राहतात, नवीन मिळत नाहीत, आणि माशी पडते.

पण मग अडवून कोण धरतं? इथे थॉमस सुडहॉफ येतात. गटिंगेनला मेडिकल शिकले, मग डॅलसला गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता, कॅल्शियम ओळखणारं प्रोटीन कुठलं? १९९० मध्ये त्यांच्या लॅबने सिनॅप्टोटॅग्मिन क्लोन केलं, व्हेसिकलवरच बसलेलं, बाहेरच्या अंगाला दोन डोमेन, एकात तीन कॅल्शियम बसतात आणि दुसऱ्यात दोन. पाच कॅल्शियम, आणि तिकडे कधीचा तो चौथा घात! १९९४ मध्ये उंदरातून हे काढून टाकलं तर इशाऱ्याबरोबर झटक्यात होणारा रिलीज गेला, हळूहळू होणारा उरला. पण टीका करणारे म्हणू शकत होते की प्रोटीन काढलं म्हणजे काहीतरी मोडणारच. म्हणून २००१ मध्ये त्यांनी अख्खं प्रोटीन ठेवून फक्त एक अमिनो अ‍ॅसिड बदललं, २३३ नंबरचं आर्जिनिन काढून ग्लुटामिन घातलं, त्याने प्रोटीनची कॅल्शियम धरायची ताकद निम्मी झाली, आणि रिलीजची कॅल्शियमला दाद द्यायची ताकदही तितकीच, निम्मी झाली. माझ्या मते बायोलॉजीतल्या सगळ्यात निर्मळ प्रयोगांपैकी हा एक आहे. याच्या जोडीला कॉम्प्लेक्सिन नावाचं छोटं प्रोटीन अर्धवट गुंतलेल्या स्नेअरवर बसतं आणि पुढे जाऊ देत नाही असं चित्र आहे, मंक-१३ सिंटॅक्सिनला उघडून कामाला लावतं, मंक-१८ सिंटॅक्सिनला मिटवून धरतं आणि नंतर त्याच पिळाला धरून मदतही करतं. ही मंडळी एकाच वेळी लगामही आहेत आणि मदतनीसही, आणि कोण नेमकं कुठल्या क्षणी काय करतं यावर आजही लॅबमध्ये वाद चालू असतात. २०१३ चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ तिघांना मिळून मिळालं.

आता विषांकडे येते, कारण निसर्गाने हे सगळं आपल्या कितीतरी आधी ओळखलेलं होतं. गंजका खिळा लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, टीटी घेतलंस का? आता त्या जागी टीडी देतात, ते असो. धनुर्वाताचं विष हे एक एन्झाइम आहे, त्यात झिंक असतं, आणि १९९२ मध्ये इटलीत पादुआला चेझारे मोंतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते सिनॅप्टोब्रेविन कापतं. दुसरं काही नाही, हेच एक प्रोटीन, आणि तेही एकाच ठिकाणी, ७६ आणि ७७ नंबरच्या अमिनो अ‍ॅसिडच्या मधे. आणि बोट्युलिनम विषाचा बी प्रकार, जो खराब झालेल्या डबाबंद अन्नातून येऊ शकतो, तो सुद्धा हेच प्रोटीन नेमकं त्याच ठिकाणी कापतो. तोच बॉण्ड! पण धनुर्वातात दातखीळ बसते, पाठ कमानीसारखी वाकते, सगळे स्नायू ताठ. बोट्युलिझममध्ये उलट, पापण्या पडतात, गिळता येत नाही, अंग लुळं, श्वास थांबतो. एकच काप आणि दोन विरुद्ध आजार, हे कसं? कारण विष जातं कुठे त्यावर सगळं आहे. बोट्युलिनम स्नायूशी जोडलेल्या नर्व्हच्या टोकाशीच थांबतं आणि अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाही, स्नायूला हुकूमच मिळत नाही. धनुर्वाताचं विष तिथूनच आत शिरतं, पण नर्व्हमधून उलटं वर चढत स्पायनल कॉर्डपर्यंत जातं आणि तिथल्या आवर घालणाऱ्या न्यूरॉन्समध्ये घुसतं, जे ग्लायसिन आणि गाबा सोडून स्नायूंना शांत ठेवतात. तेच बंद पडले की थांबवायला कोणी उरत नाही. परीक्षेत "टिटॅनसमुळे स्नायू आखडतात" एवढंच लिहिलं तरी मार्क मिळतात, पण का आखडतात हे एकदा कळलं की मूल ते आयुष्यभर विसरत नाही, हे मी बघितलंय.

बोटॉक्स म्हणजे याच कुटुंबातला ए प्रकार, तो स्नॅप-२५ च्या शेपटीतली फक्त नऊ अमिनो अ‍ॅसिड कापून टाकतो आणि तेवढ्याने रिलीज अडतो. सुरकुत्यांसाठी लोकांना माहीत आहे, पण तिरळेपणा, मानेचा डिस्टोनिया, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे आखडलेले पाय, यातही तो वापरला जातो आणि मला तो उपयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. धनुर्वाताबद्दल अजून एक. पूर्वी बाळंतपण घरी व्हायचं, नाळ जे हाताशी असेल त्याने कापली जायची, आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं होऊन जायचं. गरोदर बायकांना लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं, यामुळे हे इतकं कमी झालं की २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. जिवाणू मातीत आहेतच, लस थांबवून चालणार नाही.

आता आईची गोळी. पॅनक्रियाजमधली बीटा पेशी न्यूरॉन नाही, पण मशीन तेच वापरते, सिंटॅक्सिन, स्नॅप-२५, सिनॅप्टोब्रेविनच. तिच्या आत साधारण दहा हजार इन्सुलिनच्या व्हेसिकल असतात, आत इन्सुलिन झिंकबरोबर अक्षरशः क्रिस्टल होऊन बसलेलं असतं. जेवल्यावर ग्लुकोज पेशीत जातो, जळतो, एटीपी वाढतं, एटीपीने मेम्ब्रेनमधलं एक पोटॅशियम चॅनल बंद होतं (हे बीटा पेशीत असं ग्लुकोजने बंद होतं हे १९८४ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी दाखवलं), पोटॅशियम बाहेर जायचं थांबलं की पेशीचा व्होल्टेज बदलतो, त्याने कॅल्शियम चॅनल उघडतं, आणि पुढे स्नेअर आणि सिनॅप्टोटॅग्मिन, फक्त इथे सिनॅप्टोटॅग्मिनचे भाऊबंद वेगळे आहेत, जरा सावकाश काम करणारे. ग्लिमेपिराइड काय करते, तर त्या पोटॅशियम चॅनलला थेट धरून बंद करते. ग्लुकोज असो नसो. म्हणूनच ही गोळी घेऊन जेवायला उशीर केला किंवा उपास धरला तर साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर हे होऊ शकतं, कारण पेशीला वाटतं ग्लुकोज आलाय. आईला एकादशीच्या उपासाबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस असं मी सांगते ते यासाठीच. सेमाग्लुटाइडसारखी हल्लीची इंजेक्शनं वेगळ्या वाटेने जातात, ती चॅनल स्वतः बंद करत नाहीत, ग्लुकोजमुळे सुरू झालेल्या रिलीजला आतून जोर देतात, त्यामुळे ग्लुकोज कमी असेल तर त्यांचाही जोर चालत नाही.

त्या दहा हजारांतल्या शंभरात एखादीच व्हेसिकल कुठल्याही क्षणी अगदी तयार असते, बाकीच्या रांगेत. तयार असलेल्या पहिल्या काही मिनिटांत सुटतात, मग रांगेतल्या हळूहळू येत राहतात. टाइप २ डायबेटीसमध्ये हा पहिला झटका खूप आधी जातो, उपाशीपोटीची साखर वाढायच्याही आधी, आणि २००६ मध्ये आलेल्या एका अभ्यासात टाइप २ च्या पेशंटच्या बीटा पेशी असलेल्या आयलेट्समध्ये स्नेअर प्रोटीन्सच कमी झालेली सापडली. म्हणजे इन्सुलिन आहे, पण सोडणारे हात कमी पडतायत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे डायबेटीस म्हटलं की गोड किती खाल्लं एवढ्यावरच माणसाला बोल लावतात.

या चॅनलवरूनच एक खरोखर आनंदाची गोष्ट. काही बाळांना जन्मल्यावर पहिल्या सहा महिन्यांतच डायबेटीस होतो आणि मग इन्सुलिनची इंजेक्शनं कायमची. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की यातल्या बऱ्याच बाळांत याच पोटॅशियम चॅनलच्या जीनमध्ये बिघाड असतो, चॅनल बंदच होत नाही, इन्सुलिन भरलेलं असून अडकून पडतं. मग त्यांना सल्फोनिलयुरिया, म्हणजे आईच्या गोळीच्याच कुटुंबातली गोळी, देऊन बघितली. २००६ च्या अहवालात ४९ पेशंटपैकी ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं बंद झाली. कोणाच्या बाळाला सहा महिन्यांच्या आत डायबेटीस निघाला तर जेनेटिक टेस्टबद्दल नक्की विचारा.

हार्मोन सोडणाऱ्या न्यूरॉन्सबद्दल थोडंसं. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो, नुसत्या आवाजानेसुद्धा, तो ऑक्सिटोसिनमुळे. हे हार्मोन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या न्यूरॉन्समध्ये बनतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. याच्या व्हेसिकल मोठ्या असतात आणि त्या एका-दुसऱ्या सिग्नलला दाद देत नाहीत, बरेच सिग्नल लागोपाठ यावे लागतात, म्हणजे आत कॅल्शियम साठत जातं. उंदरीणीच्या पिल्लांनी दूध ओढताना तिचे हे न्यूरॉन काही मिनिटांच्या अंतराने सगळे एकदम जोरात फायर होतात, आणि त्या त्या वेळीच दूध येतं. तेच मशीन, पण उंबरठा वेगळा ठेवलेला.

आणि विंचू. आमच्या कोकणात, जांभ्या दगडाच्या जमिनीत आणि भाताच्या पेंढ्यात लाल विंचू असतो, त्याला घाबरायलाच हवं. तो चावला की घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, ब्लडप्रेशर चढतं, आणि मग फुप्फुसात पाणी होऊन माणूस, बहुतेकदा लहान मूल, दगावायचं. त्याचं विष स्नेअरला हातही लावत नाही. ते नर्व्हमधलं सोडियम चॅनल मिटू देत नाही, आणि याच विंचवाच्या विषात इबेरियोटॉक्सिन नावाचं प्रोटीन आहे जे नर्व्हला शांत करणारं पोटॅशियम चॅनल बंद करतं. म्हणजे हुकूम थांबतच नाही, कॅल्शियम येत राहतं, आणि नर्व्हची टोकं आणि किडनीवरची अ‍ॅड्रेनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन, नॉरअ‍ॅड्रेनलीन ओतत राहतात. मशीन ठणठणीत आहे, फक्त थांबा म्हणणारं कोणी नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी अशा पेशंटजवळ रात्ररात्र बसून हे बघितलं आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, जे ब्लडप्रेशरचं साधं स्वस्त औषध आहे. सुटलेलं अ‍ॅड्रेनलीन परत आत घालता येत नाही, पण ते ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं ते प्राझोसिन अडवतं. मृत्यू प्रचंड कमी झाले. लॅन्सेटमध्ये त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. रायगडातल्या एका छोट्या दवाखान्यात, कुठल्याही मोठ्या लॅबशिवाय, पेशंटच्या अंगावरची लक्षणं वाचून त्यांनी हे शोधलं, आणि माझ्या मनात त्याची किंमत वर सांगितलेल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा कमी नाही.

मण्यारचं विष पुन्हा वेगळं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत फारसं नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या उघडत नाहीत. त्याच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिनसारखं एन्झाइम नर्व्हच्या टोकाची मेम्ब्रेनच खातं, व्हेसिकल संपून जातात, टोकच खराब होतं. नाग चावला तर निओस्टिग्मिन या सुटलेलं अ‍ॅसिटिलकोलीन टिकवणाऱ्या औषधाचा काही उपयोग होतो कारण तिथे अ‍ॅसिटिलकोलीन सुटत असतं, मण्यारमध्ये सुटतच नसेल तर टिकवणार काय. म्हणून मण्यारच्या पेशंटला कधी कधी कितीतरी दिवस व्हेंटिलेटर लागतो, नवीन टोकं फुटेपर्यंत. आणि लोक बरे होतात, त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ न घालवता व्हेंटिलेटर असलेलं हॉस्पिटल गाठायचं, हे जितक्या लोकांना सांगता येईल तितकं सांगा.

शेवटचा भाग सेक-१ चा. यीस्टमधल्या या पहिल्या म्युटंटचं माणसातलं भावंड म्हणजे वर आलेलं मंक-१८. ॲमस्टरडॅमच्या मथाइस फरहागे यांनी सुडहॉफ आणि इतरांबरोबर २००० मध्ये मंक-१८ अजिबात नसलेले उंदीर केले. त्या उंदरांच्या मेंदूत न्यूरोट्रान्समीटरचा एक थेंब कधी सुटला नाही, आपोआप होणाऱ्या त्या कात्झच्या बारीक उसळ्यासुद्धा नाहीत. आणि तरी मेंदू बनला! थर नीट, नर्व्ह जागच्या जागी पोचलेल्या, सिनॅप्स सुद्धा तयार झालेले. मग न्यूरॉन मरायला लागले आणि पिल्लं जन्मताच गेली. म्हणजे मेंदू उभा राहायला न्यूरॉन्सचं आपसातलं बोलणं लागत नाही, टिकायला लागतं.

माणसात या जीनला एसटीएक्सबीपी-१ म्हणतात. २००८ मध्ये जपानमधल्या गटाला ओहताहारा सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये यात बिघाड सापडला, म्हणजे अगदी जन्मल्यापासून येणारे फिट्स, जे औषधाने आटोक्यात येत नाहीत. आता कळलंय की फिट्स नसलेलीही मुलं यात असतात, उशिरा चालणारी, न बोलणारी, हात थरथरणारी, आणि अंदाज साधारण तीस हजार जन्मांमागे एक असा आहे. या मुलांत जीनची एक कॉपी चांगली असते, त्यामुळे प्रोटीन निम्मं असतं, शून्य नाही, आणि काही वेळा बिघडलेली कॉपी चांगल्या प्रोटीनलाही आपल्याबरोबर गुठळीत ओढते. फिनाइलब्युटिरेट हे युरिया सायकलच्या आजारात आधीपासून वापरात असलेलं औषध प्रोटीनची घडी नीट बसायला मदत करतं, म्हणून ते या मुलांमध्ये आजमावलं जातंय. दुसऱ्या बाजूने चांगल्या कॉपीकडून जास्त प्रोटीन करून घेता येईल का, किंवा जीनच नवीन पोचवता येईल का, यावरही काम चालू आहे. आपल्या ओळखीत एखादं मूल असेल ज्याच्या फिट्सचं कारण सापडलेलं नाही आणि वाढही मागे आहे, तर त्याच्या आईवडिलांना एक्झोम टेस्टबद्दल (प्रोटीन बनवणाऱ्या सगळ्या जीन्सची एकत्र तपासणी) न्यूरॉलॉजिस्टना विचारायला सांगा.